फ्लॉपीतला तिसरा अंक

"चपला बाहेर काढा," सबनीस सर म्हणाले. "आणि पाय पुसून आत या. मशीनला धूळ चालत नाही."

दिगूनानांनी आधी पायपुसण्याकडे पाहिलं, मग सरांकडे. "आमच्या ग्रामदेवीला एवढं सोवळं लागत नाही," ते म्हणाले आणि चपला काढल्या.

चिंचनाक्यावर एका कापडदुकानाच्या माडीवर चिपळुणातला पहिला कॉम्प्युटर क्लास नुकताच उघडला होता. बाहेर ऑक्टोबर भाजून काढत होता आणि आत एसीमुळे अंगावर काटा येत होता. आम्ही चौघं आत शिरलो. दिगूनाना रेडीज, बाजारपेठेतल्या औषधांच्या दुकानाचे मालक आणि आमच्या नाट्यमंडळाचे दिग्दर्शक. इंदूसिस्टर, नोकरीने सरकारी दवाखान्यात नर्स आणि नाटकात कायम कुणाची तरी आई. मी, उत्तरा, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. आणि सगळ्यांच्या पुढे श्रीरंग पाटणे. त्याच्या हातात त्याच्या आईच्या पोथीचं रेशमी फडकं होतं आणि फडक्यात एक काळी, चौकोनी, पापडासारखी पातळ फ्लॉपी.

"यात काय आहे?" सरांनी विचारलं.

"तिसरा अंक," श्रीरंग म्हणाला. त्याने ते ज्या आवाजात सांगितलं त्या आवाजात लोक 'अस्थी आहेत' म्हणतात.

सरांनी फ्लॉपी मशीनच्या फटीत सरकवली, खिट्टी फिरवली. आतून घोरल्यासारखा आवाज आला. पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी उमटल्या. सरांनी एक बटण दाबलं. पुन्हा घोरणं, पुन्हा त्याच दोन ओळी.

"मशीन म्हणतंय, यात काहीच नाही."

"काहीच नाही कसं? अख्खा अंक आहे! मी स्वतः लिहिलाय!"

"कोरी असेल. फॉरमॅट करून देऊ का? म्हणजे छान पुसून निघेल, वापरता येईल." आणि सरांचं बोट सहज पुढे गेलं.

श्रीरंगने अशी काही किंकाळी फोडली की पलीकडच्या खोलीत टायपिंग शिकणाऱ्या मुली दारात येऊन उभ्या राहिल्या. इंदूसिस्टरनी सरांचं मनगट धरलं. इंजेक्शनला घाबरलेल्या पेशंटचं धरतात तसं, पक्कं.

"कुठल्या मशीनवर लिहिलंय हे?" मनगट सोडवून घेत सरांनी विचारलं.

श्रीरंगने नाव सांगितलं. त्याच्या न्यूजर्सीच्या मावसभावाने आणून दिलेला घरगुती कॉम्प्युटर. टीव्हीला जोडायचा. सोबत फ्लॉपीचं वेगळं खोकं आणि विटेएवढ्या वजनाचा ट्रान्सफॉर्मर.

"मग बरोबर," सर म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना उत्तर येत असलेला प्रश्न विचारत होतं. "फ्लॉपी तीच. माप तेच, सव्वापाच इंच. इथेही जाते, तिथेही जाते. पण लिहायची रीत वेगळी. फ्लॉपीवर शाई नसते, लोहचुंबकाच्या खुणा असतात. कुठल्या खुणेचा अर्थ काय लावायचा, एका फेरीत किती खुणा बसवायच्या, हे ज्याने त्याने आपापलं ठरवलं. तुमचं मशीन चार खुणांचा मजकूर पाच खुणांत बांधून लिहितं. आमचं वेगळ्याच हिशेबाने वाचतं. त्यामुळे त्याला दिसतो तो नुसता खडबडाट."

दिगूनाना विचारात पडले. "म्हणजे एकाने मोडीत लिहिलं आणि दुसऱ्याला फक्त बालबोध येतं."

"अगदी तसंच!"

"तरी मोडी न येणारा माणूस, 'कागद कोरा आहे, पुसून देऊ का' असं विचारत नाही," नाना म्हणाले आणि चपला घालायला बाहेर गेले.

हे एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साल. रत्नागिरीला एका नाट्यमंडळाची स्पर्धा जाहीर झाली होती आणि श्रीरंगने तीन अंकी नाटक लिहिलं होतं, 'काचेचा पाचवा कोपरा'. काचेला पाचवा कोपरा कसा, हे विचारायची सोय नव्हती. श्रीरंग बँकेत ऑफिसर होता, दिसायला बरा, बोलायला फार बरा, आणि दसऱ्याला माझा त्याच्याशी साखरपुडा झाला होता. त्याआधी दोन वर्षं तालमीत मी त्याला अरे-तुरे करायचे. साखरपुड्याच्या संध्याकाळी आईने सांगितलं, "आता अहो म्हणायचं." मी म्हणू लागले. नवीन चपलेसारखं ते चावायचं, पण म्हटलं, सवय होईल.

कागदाचा जमाना संपला, असं श्रीरंगचं मत होतं. म्हणून नाटक थेट कॉम्प्युटरवर. त्या मशीनला मराठी येत नव्हतं, म्हणून मराठी नाटक इंग्रजी कॅपिटल अक्षरांत. पहिल्या दोन अंकांच्या छापील प्रती आम्हाला मिळाल्या तेव्हा पहिली तालीम अशी झाली: इक्बाल मुकादम, एसटी डेपोत कंट्रोलर आणि नाटकात माझा नवरा, धीरगंभीर आवाजात म्हणाला, "सुनंदा, तू घरी कढी येणार?"

"कधी!" श्रीरंग ओरडला.

"इथे के-ए-डी-एच-आय आहे."

"तेच. कधी."

"मग पुढे, 'बाबांना कधी आवडते' असं आहे ते?"

"ती कढी!"

असे दोन अंक बसले. दुसऱ्या अंकाच्या शेवटी नवरा, सतीश, म्हणतो, "या घरात राहायचं तर माझ्या रीतीने," आणि निघून जातो. बायकोला, म्हणजे मला, परगावी नोकरी लागल्याचं पत्र आलेलं असतं. ती पत्र हातात घेऊन उभी. पडदा. पुढे ती काय करते, ते श्रीरंगने कुणालाच सांगितलं नव्हतं. मलाही नाही. "उत्कंठा नटांच्यातसुद्धा टिकली पाहिजे," तो म्हणायचा. तिसरा अंक त्याने लिहून फ्लॉपीवर ठेवला, आणि छापायच्या आधीच चिपळूणच्या विजेने इंगा दाखवला. दिवे एकदम पांढरे झाले, ट्रान्सफॉर्मरमधून धूर आला, कॉम्प्युटर आणि त्याचं फ्लॉपीचं खोकं दोन्ही गेली. उरली ती पापडासारखी फ्लॉपी.

क्लासनंतर आम्ही हायस्कूलमध्ये गेलो. तिथे सरकारी योजनेतून एक कॉम्प्युटर आला होता. हेडमास्तरांनी तो कपाटात कुलूपबंद ठेवला होता आणि त्याच्यावर दसऱ्याचं हळदकुंकू तसंच होतं. तो तिसऱ्याच जातीचा निघाला. त्यानेही फ्लॉपी तोंडात घेतली, चघळली आणि नकार दिला.

"तीन मशीन, तीन लिप्या," नाना म्हणाले. "आणि म्हणे माणसं एकत्र नांदत नाहीत."

"तुम्ही पुन्हा लिहून का काढत नाही?" मी श्रीरंगला विचारलं. "तुमचंच आहे. आठवत असेल की."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी ताजमहाल पुन्हा बांधायला सांगितला होता. "उत्तरा, ते एका तंद्रीत उतरलंय. शब्द एकदाच येतात."

"मग गोष्ट तरी सांगा. ती शेवटी काय करते?"

"ते सांगायचं नसतं. ते घडतं."

आणि तो फ्लॉपी घेऊन मुंबईला गेला. तसं मशीन असलेला माणूस शोधून, अंक छापूनच परत येईन, असं सांगून. इक्बालने डेपोत त्याला पुढची सीट धरून दिली होती, पण इंजिनाच्या चुंबकाने फ्लॉपी खराब होईल म्हणून तो मागच्या आडव्या बाकावर बसला. मध्ये कशेडीचा वळणावळणांचा घाट होता. त्या बाकावर बसून कशेडी पार करणं म्हणजे प्रेमच पाहिजे. त्याच्या त्या अंकावरच्या प्रेमाबद्दल मला कधीच शंका नव्हती.

स्पर्धा आठवड्यावर आली होती. त्या संध्याकाळी औषधाच्या दुकानामागच्या गोदामात, खोकल्याच्या औषधांच्या खोक्यांवर आम्ही सुतकी चेहऱ्याने बसलो.

"लेखक गेला म्हणून नाटक थांबत नाही," दिगूनाना म्हणाले. "उलट लेखक गेला की खरी तालीम सुरू होते. तिसरा अंक आपण बसवू. तो घेऊन आला तर त्याचा करू. नाही आला तर निदान शेवटचा पडदा तरी पडेल. चला, सतीश घरी परत आलाय. इक्बाल, ये आत."

इक्बाल गोदामाच्या दारातून आत आला. उभा राहिला. "मी काय बोलू?"

"नवरा आहेस. घरी आलायस. काय बोलशील?"

"काय बोलणार तो?" इंदूसिस्टर कोपऱ्यातून म्हणाल्या. "वादळ झालं, पूर आला, बायको घर सोडायला निघाली, तरी सगळे नवरे एकच बोलतात. 'जेवायला वाढ.'"

इक्बालला ते एवढं पटलं की त्याने लगेच म्हणून टाकलं. घरचं असल्यासारखं, पायातली चप्पल न काढता. आम्ही हसून लोळलो. पण दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा हसू आलं नाही. ते वाक्य राहिलं.

मग इक्बालला समजावणीची भाषणं दिली. नवरा बाजू मांडतो. तो वाईट नाही. त्याला म्हाताऱ्या वडिलांची काळजी आहे, घराची आहे, लोक काय म्हणतील याची आहे. इक्बाल डेपोत रोज भांडणं मिटवायचा, त्यामुळे बाजू मांडणं त्याच्या हाडात होतं. तो एवढं चांगलं बोलला की दिगूनाना म्हणाले, "अरे, मीच राहीन आता घरी." मग ते माझ्याकडे वळले. "हं, सुनंदा. तुझं काय म्हणणं?"

मी उभी राहिले. खरं तर मला काहीच सुचत नव्हतं. नाटकातल्या बायका अशा वेळी बोलतात ती सगळी वाक्यं माझ्या तोंडाशी आली: स्त्रीचा जन्म, पिंजरा, पंख. एकही बोलवेना. इक्बाल समोर बिचारा खरोखर वाट बघत होता.

"तुमचं सगळं बरोबर आहे," मी म्हटलं. "मला नाही पटत."

इक्बाल गोंधळला. पुढे काय बोलायचं ते त्याला उमगेना, म्हणून त्याने हाताशी होतं ते वाक्य काढलं, "जेवायला वाढ."

"वाढून झाकून ठेवलंय. घ्या." असं म्हणून मी पिशवी उचलली आणि गोदामाच्या दारातून रस्त्यावर गेले. बाहेर एक म्हातारा सर्दीची गोळी मागायला उभा होता, त्याच्या अंगावर आदळले.

परत आत आले तेव्हा इंदूसिस्टर चष्मा पुसत होत्या. "आता यात कुणी काही घालू नका," त्या म्हणाल्या. "भाषण तर अजिबात नको."

दोन दिवसांनी मी एक्स्चेंजमध्ये बोर्डावर असताना मुंबईहून ट्रंक कॉल आला. औषधाच्या दुकानासाठी होता, पण आवाज ओळखून मी नंबर जोडलाच नाही.

"अहो, मीच बोलतेय. सापडलं का?"

"ग्रँट रोडला एक पारशीण बाई आहेत. त्यांच्याकडे सेम मशीन आहे!" श्रीरंगचा आवाज आनंदाने फाटला होता. "गेम खेळतात त्यावर. पण फ्लॉपीचं खोकं दुरुस्तीला दिलंय. उद्या-परवा मिळेल. मी थेट रत्नागिरीला येतो. तुम्ही घाबरू नका."

"आम्ही एक तिसरा अंक बसवलाय इकडे. नुसता हाताशी असावा म्हणून."

पलीकडे खरखर.

"कुणी लिहिला?"

"कुणी नाही. बोलता बोलता झाला."

"उत्तरा, नाटक बोलता बोलता होत नसतं."

"मग शेवट सांगा ना तुमचा. एकच वाक्य. आम्ही त्या अंगाने तयारी करतो."

"लग्नानंतरही तू असंच प्रत्येक गोष्टीत मध्ये मध्ये विचारणार आहेस का?" तो हसत म्हणाला. खरंच हसत. त्याला तो लाडाचा विषय वाटला होता.

समोर घड्याळाचा काटा फिरला आणि तोंडातून नोकरीचं वाक्य आपोआप निघालं, "तीन मिनिटं झाली. वाढवायचं?"

"नको," तो म्हणाला. मी बोर्डातली खुंटी काढून लाइन तोडली.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी आम्ही रत्नागिरीच्या थिएटरच्या रंगपटात होतो. मी केस बांधत होते. दार ढकलून श्रीरंग आला. डोळे लाल, दाढी वाढलेली, शर्टाला एसटीचा वास, आणि हातात दोन्ही कडांना भोकं असलेल्या कागदाची जाड लांबलचक घडी. चेहऱ्यावर असा आनंद होता की सगळं विसरून मला त्याच्याबद्दल माया वाटली. लहान मुलाला हरवलेलं खेळणं सापडल्यावर होतो तसा आनंद.

"वाचला!" तो म्हणाला. "अक्षर न् अक्षर वाचलं. बाईंनी चहा दिला, प्रिंटर दिला. घ्या, वाचा!"

घडी उलगडली तर ती रंगपटाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेली. आम्ही तिच्या कडेकडेने, पंगतीत बसावं तसे, वाचायला बसलो.

सतीश येतो. सतीश बोलतो. सतीश काचेबद्दल बोलतो, कोपऱ्याबद्दल बोलतो, माणसाच्या एकटेपणाबद्दल बोलतो. पान संपतं, सतीश बोलतच असतो. इक्बालचा चेहरा पानागणिक उतरत गेला.

"हे मी आज बोलायचं?" तो म्हणाला. "मी कंट्रोलर आहे हो. कीर्तनकार नाही."

"मी विंगेतून सांगतो. तू नुसतं मागोमाग म्हण."

"आणि उत्तराचं काय?" इंदूसिस्टरनी विचारलं. "ती एवढा वेळ काय करते?"

"ऐकते. ते ऐकणं हीच भूमिका आहे. तिला शेवटी एकच वाक्य आहे, पण नाटक त्या वाक्यावर उभं आहे."

दिगूनाना कागदाच्या शेवटाशी बसले होते. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि ते वाक्य डोळ्यांजवळ नेऊन वाचलं. "'मला माप करा.'" त्यांनी वर पाहिलं. "कसलं माप? ब्लाऊजचं?"

"माफ! मला माफ करा!" श्रीरंग म्हणाला. "ती नोकरीचं पत्र फाडते, आणि म्हणते, मला माफ करा."

बाहेर कुणीतरी खिळे ठोकत होतं.

"ती कशाबद्दल माफी मागते?" मी विचारलं.

"तिच्या लक्षात येतं."

"काय लक्षात येतं?"

"सगळंच," श्रीरंग म्हणाला. त्याने ते इतक्या सरळ मनाने म्हटलं की रागावताही येईना.

इंदूसिस्टर उसळल्या. आम्ही बसवलेला अंक करायचा, म्हणाल्या. इक्बाल त्यांच्या बाजूने. श्रीरंग पांढरा पडला. तो भांडला नाही. एवढंच म्हणाला, "नाटक माझं आहे. नाव माझं लागणार आहे. मी त्यासाठी मुंबईभर वणवण फिरलो." मग माझ्याकडे वळला. "आणि तू माझी होणारी बायको आहेस. तू तरी सांग त्यांना."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी अंबाड्यात आकडा खोचत राहिले.

दिगूनानांनी सुस्कारा सोडला. "लेखकाचा शब्द शेवटचा. आपल्या धंद्याची तेवढी तरी रीत पाळू. इक्बाल, पाणी पिऊन घे. लांबचा प्रवास आहे."

दोन अंक छान गेले. "कधी"ची "कढी" एकदाही झाली नाही. तिसऱ्या अंकाचा पडदा उघडला तेव्हा मी पत्र घेऊन खुर्चीत बसले होते. इक्बाल आला आणि बोलू लागला. आधी विंगेतून श्रीरंगचा आवाज, मग रंगमंचावर इक्बालचा, असं ते काचेचं आणि कोपऱ्याचं सुरू झालं. पुढच्या रांगांना दोन्ही आवाज ऐकू येत होते. लोक आधी खोकले. मग खुर्च्या वाजल्या. मग एक पोर रडलं आणि त्याला कुणीतरी बाहेर नेलं; नेणाऱ्याचा हेवा वाटला. इक्बालच्या कपाळावरून रंग ओघळत होता. मी ऐकत होते. श्रीरंगने सांगितलं होतं तसं, भूमिका म्हणून, मन लावून ऐकत होते. आणि ऐकता ऐकता मला कळलं की हे सतीशचं सुनंदाशी बोलणं नव्हतं. या संपूर्ण भाषणात एकदाही तिला काही विचारलेलं नव्हतं. हा माणूस असाच बोलत राहणार होता, जेवताना, झोपताना, पाहुण्यांसमोर, चाळीस वर्षं; आणि शेवटी माझ्या वाट्याला ते एक वाक्य.

इक्बाल थांबला. घामाघूम. विंगेतून आवाज आला, "मला माफ करा."

मी उठले.

"मला माफ करा," विंगेतून पुन्हा, जरा मोठ्याने. पहिल्या रांगेतल्या परीक्षकाने मान वर केली.

मी इक्बालकडे नाही, विंगेकडे पाहिलं. कापडाच्या आडोशाला श्रीरंग कागदाची घडी पोटाशी धरून उभा होता, ओठ हलवून मला शब्द दाखवत होता. तो मला मदत करत होता. मी विसरले असेन, असं त्याला वाटत होतं.

"तुमचं सगळं बरोबर आहे," मी त्याला म्हटलं. "मला नाही पटत."

इक्बालच्या चेहऱ्यावर हळूहळू असा काही सुटकेचा भाव पसरला की तसा अभिनय त्याला पुन्हा कधी जमला नाही. त्याने मोठा श्वास घेतला. "जेवायला वाढ."

"वाढून झाकून ठेवलंय. घ्या."

मी सेटवरची बाजाराची पिशवी उचलून पलीकडच्या विंगेत गेले. पडदा पडला तरी टाळ्या थांबेनात. इंदूसिस्टरनी मला कवळून धरलं आणि कानात म्हणाल्या, "आता पिशवी ठेव. खाली बस." मी पिशवीसकट बसले.

श्रीरंग त्या रात्री कुणाशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी निकाल. परीक्षक उठले आणि म्हणाले, की 'काचेचा पाचवा कोपरा' या नाटकाच्या लेखकाने तिसऱ्या अंकात विलक्षण धाडस केलं आहे. नवऱ्याचं कंटाळवाणं भाषण मुद्दाम असह्य होईपर्यंत लांबवून त्याने पत्नीचं दुःख प्रेक्षकांना प्रत्यक्ष भोगायला लावलं. आणि नवऱ्याच्या प्रत्येक वाक्याआधी पडद्याआडून येणारा तो आवाज! पुरुषाच्या तोंडून जणू परंपराच बोलते आहे, ही कल्पना तर थोरच. लेखनाचं पहिलं पारितोषिक, श्रीरंग पाटणे.

दिगूनानांना ठसका लागला. इक्बालने त्यांच्या पाठीवर थापट्या मारल्या. स्वतःचं हसू लपवायला त्यालाही काहीतरी करायला हवं होतं.

आणि श्रीरंग उठला, व्यासपीठावर गेला, आणि त्याने करंडक घेतला. त्याने छोटं भाषणही केलं. शेवटच्या त्या वाक्यापर्यंत पोचायला आपल्याला किती काळ लागला, ते सांगितलं.

मला खरं तर तेव्हाही फार राग आला नाही. राग आला असता तर कदाचित मी भांडले असते, तो रुसला असता, मग समजूत निघाली असती आणि मार्गशीर्षात लग्न लागलं असतं. अशी किती लागतात.

दुपारी एसटी स्टँडवर तो माझ्याजवळ आला. करंडक वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता. तो खूश होता, आणि माझ्यावरही खूश होता.

"तू बदललंस, पण गाभा माझाच होता," तो म्हणाला. "लग्नानंतर आपण असंच करू. तू सुचवत जा, मी लिहीत जाईन."

मी बोटातली अंगठी काढून त्याच्या हातावर ठेवली. ती सहज निघाली. आधीपासून सैलच होती.

त्याने अंगठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे काय?"

"श्रीरंग, मला तुझ्याशी लग्न नाही करायचं."

"त्या एका वाक्यासाठी?"

"त्या वाक्यासाठी नाही. तू मला विचारलंच नाहीस, म्हणून. नाटकात नाही, फोनवर नाही, आत्ताही नाही."

तो अंगठी तळहातावर फिरवत राहिला. चिपळूणची गाडी फलाटाला लागली. "पण लोकांना काय कारण सांगू?" त्याने शेवटी विचारलं. आवाज बारीक झाला होता.

"तू लेखक आहेस. लिही काहीतरी," मी म्हटलं आणि गाडीत इंदूसिस्टरच्या शेजारी जाऊन बसले. सिस्टरनी भाजलेल्या शेंगांची पुडी पुढे केली.

श्रीरंगने पुढच्या वर्षी दापोलीची एक मुलगी केली. सुखाने नांदले दोघं. तिला ऐकायला आवडायचं, असं कानावर आलं, आणि मला ते ऐकून बरंच वाटलं. मी बदली मागून पुण्याला गेले, पुढे तिथेच राहिले, लग्न केलं ते उशिरा, आणि नवऱ्याला आजतागायत अरे-तुरे करते.

पण त्या दिवशी यातलं काहीच माहीत नव्हतं. घरी पोचले तेव्हा आई मागच्या पडवीत सुकवलेल्या मिरच्या गोळा करत होती. वडील बाहेर गेले होते. मनात वाटेत दहा वेळा घोकलेलं सगळं विसरून मी एवढंच म्हटलं, "आई, मी लग्न मोडलं."

तिने हातातल्या मिरच्या सुपात ठेवल्या. माझ्या रिकाम्या बोटाकडे पाहिलं. मला वाटलं, आता रडारड. घरात लग्नाची आणखी एक बहीण होती, आत्या होती, गाव होतं.

"बरं केलंस," आई म्हणाली. "मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नव्हता. स्वतःच्या विनोदाला आधी स्वतःच हसायचा."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

आईने सूप उचलून एकदा पाखडलं. बिया खाली पडल्या.

"मला कुणी विचारलं?" ती म्हणाली.

तिचा आवाज नेहमीसारखाच होता. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. काय विचारावं ते सुचत नव्हतं, इतक्या वर्षांचं साठलेलं होतं. मग जे तोंडाला आलं त्यापासूनच सुरुवात केली.

"आई," मी म्हटलं, "तुला काय आवडतं?"

तिने सूप खाली ठेवलं. पदराने हात पुसले. आणि विचार करायला लागली.